टीव्हीला जोडलेला संगणक दुरून चालवताना : निवड, मांडणी आणि सुरक्षितता

दिवाणखान्यातल्या टीव्हीला एचडीएमआय केबलने जोडलेला आणि चित्रपट, गाणी, घरचे फोटो सांभाळणारा छोटा संगणक आता बऱ्याच घरांत दिसतो. रोजच्या वापरात त्याला कीबोर्ड आणि माऊस लागत नाही, आणि सोफ्यावर ते दोन्ही पडून राहिलेले कोणाला आवडतही नाही. पण नवीन फाइल आणायची असते, एखादा अपडेट अडकतो, सबटायटल भलत्याच भाषेत येते, आणि तेव्हा त्या संगणकाचा पूर्ण पडदा हाती असल्याशिवाय काम होत नाही. तो पडदा शेजारच्या खोलीतल्या लॅपटॉपवरून, हातातल्या फोनवरून आणि गरज पडल्यास परगावाहूनही चालवता यावा, यासाठीची मांडणी या लेखात सांगितली आहे. उदाहरणादाखल विंडोज ११ वर चालणारा छोटा संगणक, त्यावर कोडी हा माध्यम-प्रोग्राम आणि इंटरनेट कंपनीने दिलेला नेहमीचा राउटर गृहीत धरला आहे.

आधी साधन निवडावे

विंडोजमध्ये स्वतःचे ‘रिमोट डेस्कटॉप’ असल्यामुळे पहिला हात तिकडेच जातो. ते उत्तम साधन आहे, पण टीव्हीच्या संगणकासाठी ते चुकीचे आहे, आणि याची कारणे नीट समजून घेतली तर पुढची बरीच डोकेदुखी टळते. विंडोजच्या होम आवृत्तीवर ही सोय मुळात मिळतच नाही. दुसऱ्याला आत येऊ देण्याची मुभा प्रो, एंटरप्राइझ आणि एज्युकेशन या आवृत्त्यांनाच आहे. स्वस्तातल्या अनेक छोट्या संगणकांवर कोणती आवृत्ती आहे हे ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘अबाउट’ या क्रमाने गेल्यावर कळते. पण प्रो आवृत्ती असली तरी खरी अडचण पुढे आहे. रिमोट डेस्कटॉपने जोडणी होताच समोरच्या संगणकाचा पडदा कुलूपबंद होतो, म्हणजे टीव्हीवर चालू असलेला चित्रपट दिसेनासा होऊन तिथे लॉगिनचा पडदा येतो आणि आवाजही सहसा टीव्ही सोडून आपल्या लॅपटॉपमध्ये येतो. काम संपवून जोडणी तोडली, तरी टीव्हीवरचा पडदा आपोआप उघडत नाही. कोणीतरी कीबोर्ड शोधून पासवर्ड टाकेपर्यंत तो तसाच राहतो. कार्यालयातल्या संगणकासाठी हे वागणे योग्यच आहे, कारण तिथे येणाऱ्या-जाणाऱ्याला आपले काम दिसू नये अशीच अपेक्षा असते. घरच्या टीव्हीकडून आपली अपेक्षा नेमकी उलट आहे.

आपल्याला हवा आहे तो टीव्हीवर दिसणाराच पडदा, जसाच्या तसा, आणि आवाज जिथल्या तिथे. हे काम व्हीएनसी या जुन्या आणि साध्या पद्धतीने होते. १९९० च्या दशकात इंग्लंडमधल्या केंब्रिज येथील ऑलिव्हेट्टीच्या संशोधन प्रयोगशाळेत ती जन्मली. तिचे तत्त्व सरळ आहे : समोरच्या पडद्यावरचा जो भाग बदलला तेवढ्याचे चित्र पाठवायचे आणि इकडचे माऊस-कीबोर्डचे ठोके तिकडे पोचवायचे. मूळ व्हीएनसी आवाज वाहून नेत नाही. इतरत्र ही उणीव मानली जाते, पण आपल्या कामी ती सोयच ठरते.

गूगलचे क्रोम रिमोट डेस्कटॉपही टीव्हीवरचाच पडदा दाखवते आणि बसवायला अधिक सोपे आहे. किमान सहा अंकी पिन ठरवला की काम भागते. ज्यांना पुढचे काहीच नको असेल त्यांनी ते निःसंकोच वापरावे. मात्र ते गूगल खात्याशी बांधलेले असते आणि कोण कुठून जोडू शकेल यावर आपले नियम लावण्याची सोय त्यात फारशी नाही. म्हणून या लेखात टाइटव्हीएनसी हा मोफत प्रोग्राम धरला आहे.

एक गोष्ट इथेच सांगितलेली बरी. रोजच्या चालू-बंद, पुढे-मागे, आवाज कमी-जास्त यासाठी पडद्याचा ताबा घेण्याची गरज नसते. कोडीच्या सेटिंग्जमधल्या ‘सर्व्हिसेस’ या विभागात ‘अलाऊ रिमोट कंट्रोल व्हाया एचटीटीपी’ हा पर्याय सुरू करून पासवर्ड ठरवला आणि अँड्रॉइड फोनवर ‘कोरे’ हे कोडीचे अधिकृत अ‍ॅप घेतले, की फोनच रिमोट होतो. घरातल्या सर्वांच्या फोनवर कोरे आणि घरात जो संगणकाची देखभाल करतो त्याच्याकडे व्हीएनसी, अशी वाटणी चांगली चालते.

संगणकाची पूर्वतयारी

पहिले काम म्हणजे पत्ता पक्का करणे. राउटर प्रत्येक उपकरणाला घरातला आयपी पत्ता देतो आणि तो अधूनमधून बदलू शकतो, आज १९२.१६८.१.५० वर सापडणारा संगणक उद्या १९२.१६८.१.५७ वर गेला, तर आपण रिकाम्या दारावर थापा मारत बसतो. राउटरच्या पानावर ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा ‘डीएचसीपी रिझर्व्हेशन’ या नावाची सोय असते. तिथे संगणकाचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) आणि हवा तो आयपी पत्ता यांची जोडी नोंदवावी. राउटरच्या पानाचा पत्ता आणि पासवर्ड बहुधा राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर छापलेला असतो. संगणक वायफायवर असेल, तर विंडोजच्या वायफाय सेटिंग्जमधला ‘रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसेस’ हा पर्याय बंद ठेवावा, नाहीतर मॅक पत्ताच बदलत राहील आणि नोंद निरुपयोगी ठरेल. शक्य असेल तिथे मात्र राउटरपासून संगणकापर्यंत इथरनेटची केबलच ओढावी. भिंतीच्या कडेने पाच-दहा मीटर केबल नेण्याचा त्रास एकदाच होतो, आणि पुढे येणारा संगणक दुरून जागा करण्याचा प्रश्नही त्यामुळे पुष्कळसा सोपा होतो.

दुसरे काम वापरकर्त्यांच्या खात्यांचे. टीव्हीसाठी साधे, मर्यादित अधिकारांचे स्थानिक खाते करावे आणि प्रशासकाचे खाते वेगळे ठेवून त्याला भक्कम पासवर्ड द्यावा. संगणक चालू होताच हे साधे खाते आपोआप उघडावे, अशी व्यवस्था केली आणि कोडीचा शॉर्टकट स्टार्टअप फोल्डरमध्ये ठेवला, की घरच्यांना बटण दाबण्यापलीकडे काही करावे लागत नाही. आपोआप उघडणाऱ्या खात्यात बँकेचे व्यवहार, ईमेल किंवा जतन केलेले पासवर्ड असता कामा नयेत, हे ओघाने आलेच.

तिसरे काम वीजपुरवठ्याचे. आपल्याकडे वीज जाणे-येणे नवे नाही, आणि इन्व्हर्टर असला तरी दिवाणखान्यातला टीव्हीचा प्लग त्यावर असेलच असे नाही. संगणकाच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ किंवा तत्सम नावाचा पर्याय असतो. तो ‘पॉवर ऑन’ वर ठेवला, तर वीज आल्यावर संगणक स्वतःहून सुरू होतो. परगावाहून देखभाल करणाऱ्यासाठी हा एक पर्याय बाकीच्या सगळ्या मांडणीइतकाच मोलाचा आहे. विंडोज अपडेटमधले ‘अ‍ॅक्टिव्ह अवर्स’ही याच वेळी ठरवावेत, दिवसातले जास्तीत जास्त १८ तास त्यात राखून ठेवता येतात, म्हणजे रात्री नऊला चित्रपटाच्या मध्यात संगणक पुन्हा सुरू होण्याची भीती राहत नाही.

टाइटव्हीएनसी बसवणे

प्रोग्राम त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावा. टीव्हीच्या संगणकावर ‘सर्व्हर’ हा भाग आणि आपल्या लॅपटॉपवर ‘व्ह्यूअर’ हा भाग लागतो. बसवताना तो ‘सिस्टिम सर्व्हिस’ म्हणून नोंदवायचा का आणि विंडोजच्या फायरवॉलमध्ये त्याला वाट द्यायची का, असे विचारले जाते. दोन्हींना होकार द्यावा. सर्व्हिस म्हणून चालणारा व्हीएनसी लॉगिनच्या पडद्यावरही पोचतो आणि प्रशासकाचा पासवर्ड मागणारी, बाकी सगळा पडदा अंधारा करणारी जी खिडकी विंडोज उघडते, तीही आपल्याला दाखवतो. साध्या प्रोग्रामसारखा चालवला तर नेमक्या त्याच क्षणी पडदा थिजतो आणि काय झाले ते कळत नाही.

त्यानंतर दोन पासवर्ड विचारले जातात. एक दुरून जोडणी करण्यासाठीचा आणि दुसरा सर्व्हरच्या सेटिंग्ज कोणी बदलू नयेत यासाठीचा. दोन्ही द्यावेत आणि वेगवेगळे द्यावेत. व्हीएनसीच्या या पारंपरिक पद्धतीत पासवर्डची पहिली आठ अक्षरेच मोजली जातात, नववे अक्षर लिहिले तरी त्याला अर्थ नसतो. शिवाय टाइटव्हीएनसी पडद्याचे चित्र सांकेतिक करून, म्हणजे वाटेत इतर कोणाला वाचता येणार नाही असे करून, पाठवत नाही. या दोन कारणांमुळे हा पासवर्ड म्हणजे घराच्या आतल्या खोलीची कडी आहे, रस्त्यावरच्या दाराचे कुलूप नव्हे. बाहेरच्या दाराची व्यवस्था वेगळी करावी लागते आणि ती पुढे येते.

बसवून झाल्यावर घड्याळाजवळच्या पट्टीत त्याचे छोटे चिन्ह दिसते. त्यावर दोनदा क्लिक केल्यावर सेटिंग्जची खिडकी उघडते. ‘सर्व्हर’ या पानावरचा वेब ब्राउझरसाठीचा जावा व्ह्यूअर बंद करावा, कारण आजचे ब्राउझर जावा चालवत नाहीत आणि ५८०० क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे जोडण्या आत येण्याचे क्रमांकित दार, उगाच उघडे राहते. मुख्य जोडणीचे पोर्ट ५९०० आहे, ते तसेच ठेवावे. त्याच पानावर ‘हाइड डेस्कटॉप वॉलपेपर’ अशी खूण केलेली असते. ती तशीच ठेवली तर आपण जोडणी करताच टीव्हीवरचे पार्श्वचित्र नाहीसे होते आणि घरातले लोक संगणक बिघडला म्हणून फोन करतात. घरच्या वायफायवर या बचतीची गरज नाही, म्हणून ती खूण काढावी. ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ या पानावर शेवटचा पाहुणा गेल्यावर काय करायचे ते ठरवता येते. तिथे ‘डू नथिंग’ हाच पर्याय हवा. ‘लॉक डेस्कटॉप’ निवडले, तर ज्या दोषासाठी आपण रिमोट डेस्कटॉप नाकारले तोच मागच्या दाराने परत येतो.

‘अ‍ॅक्सेस कंट्रोल’ हे पान बहुतेक जण उघडतच नाहीत, पण तिथे पाच मिनिटे द्यावीत. कोणत्या आयपी पत्त्यांवरून जोडणी चालेल आणि कोणत्या नाही याचे नियम तिथे क्रमाने लिहिता येतात. पहिल्या नियमात घरातल्या पत्त्यांना परवानगी द्यावी, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१ पासून १९२.१६८.१.२५४ पर्यंत. दुसऱ्या नियमात १००.६४.०.० पासून १००.१२७.२५५.२५५ पर्यंतच्या पत्त्यांना परवानगी द्यावी. हे पत्ते कशाचे ते पुढे येईलच. शेवटच्या नियमात ०.०.०.० पासून २५५.२५५.२५५.२५५ पर्यंत सर्वांना मनाई करावी. मनाईचा नियम चुकून वर गेला तर आपणच बाहेर राहू, म्हणून क्रम पाहून घ्यावा. घरातल्या वायफायची नोंद विंडोजमध्ये ‘प्रायव्हेट नेटवर्क’ अशी आहे, याचीही खात्री करावी.

आता लॅपटॉपवर व्ह्यूअर उघडून संगणकाचा पत्ता आणि पासवर्ड द्यावा. टीव्हीवर हलणारा बाण आणि लॅपटॉपवर हलणारा बाण एकच दिसला, की घरातले काम झाले. फोनवर रिअलव्हीएनसीचा व्ह्यूअर चालतो; जोडणी सांकेतिक नसल्याची सूचना तो देईल, घरच्या नेटवर्कवर ती मान्य करायला हरकत नाही. कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या कळा एकत्र दाबल्या तर त्या आपल्याच संगणकाला लागतात, म्हणून त्यासाठी व्ह्यूअरच्या वरच्या पट्टीतले वेगळे बटण वापरावे.

टीव्ही बंद असताना

इथे एक अडचण हमखास येते. टीव्ही बंद केला, की काही टीव्ही एचडीएमआयवरून आपले अस्तित्वच कळवणे थांबवतात. संगणकाला वाटते की पडदा काढून घेतला, आणि मग व्हीएनसीवर १०२४ बाय ७६८ एवढाच कोंदट पडदा दिसतो किंवा काळेभोर चित्र येते. कधी टीव्ही परत सुरू केल्यावर कोडी त्याच लहान आकारात अडकून बसतो. यावरचा उपाय म्हणजे ‘एचडीएमआय डमी प्लग’. अंगठ्याएवढा हा तुकडा संगणकाच्या दुसऱ्या एचडीएमआय तोंडात खोचला, की तिथे कायम एक पडदा जोडलेला आहे असे संगणक समजतो. विंडोजच्या ‘डिस्प्ले’ सेटिंग्जमध्ये दोन्ही पडदे ‘डुप्लिकेट’ करून ठेवावेत. डमी प्लग टीव्हीच्याच रिझोल्यूशनचा निवडावा, नाहीतर ४के टीव्हीवर चित्र मऊ दिसू लागेल.

कोडी पूर्ण पडदाभर चालू असताना व्हीएनसीवर चित्र काळे किंवा थिजलेले दिसले, तर कीबोर्डवरची बॅकस्लॅश ही कळ दाबावी. कोडी खिडकीच्या रूपात येतो आणि मागचा डेस्कटॉप हाताशी लागतो. तीच कळ पुन्हा दाबली, की तो पूर्ण पडदाभर होतो. पैसे भरून पाहायच्या सेवांचे चित्र मात्र दुरून अनेकदा काळेच दिसते. तो आपल्या मांडणीतला दोष नाही; नक्कल होऊ नये म्हणून ते चित्र संरक्षित ठेवलेले असते.

झोपलेला संगणक जागा करणे

संगणक चोवीस तास चालू ठेवायचा की झोपवायचा, हे त्याच्या वीजवापरावर ठरवावे. रिकामा असताना १० वॅट घेणारा छोटा संगणक महिन्याला साधारण ७ युनिट खातो. जुना डेस्कटॉप ५० वॅट घेत असेल तर तोच आकडा ३६ युनिटांवर जातो. पहिल्या प्रकारचा संगणक सरळ चालू ठेवावा असे माझे मत आहे. दुसऱ्या प्रकारच्या संगणकाला ‘वेक ऑन लॅन’, म्हणजे नेटवर्कवरून संदेश आला की जागे होणे, शिकवावे.

त्यासाठी बायोसमधला ‘वेक ऑन लॅन’ सुरू करावा आणि ‘ईआरपी’ नावाची वीजबचत बंद करावी, कारण ती नेटवर्क कार्डाची वीजही तोडते. विंडोजच्या ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये नेटवर्क अडॅप्टरच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ पानावर या उपकरणाला संगणक जागा करू द्यावे आणि तेही केवळ ‘मॅजिक पॅकेट’ आल्यावरच, अशा दोन्ही खुणा कराव्यात. नाहीतर संगणक वाटेल तेव्हा जागा होत राहतो. ‘पॉवर ऑप्शन्स’मधले ‘फास्ट स्टार्टअप’ही बंद करावे. मॅजिक पॅकेट म्हणजे १०२ बाइटांचा एक छोटा संदेश असतो : आधी ठरावीक सहा बाइट आणि मग संगणकाचा मॅक पत्ता सोळा वेळा. फोनवरची अनेक मोफत अ‍ॅप तो पाठवतात. वायफायवर मात्र याचा भरवसा धरू नये.

घराबाहेरून जोडणी

राउटरमध्ये ५९०० किंवा ३३८९ हे पोर्ट इंटरनेटसाठी उघडून द्यावे, असा सल्ला जुन्या लेखांत सर्रास सापडतो. तो पाळू नये. इंटरनेटवर उघडी पोर्टे शोधणारे प्रोग्राम रात्रंदिवस फिरत असतात, आणि आठ अक्षरी पासवर्ड त्यांच्यापुढे फार काळ टिकत नाही. ३३८९ हे विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचे पोर्ट; २०१९ च्या मे महिन्यात ‘ब्लूकीप’ नावाने ओळखली गेलेली त्यातली त्रुटी इतकी गंभीर होती, की मायक्रोसॉफ्टने आधार थांबवलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली. शिवाय आपल्याकडच्या अनेक इंटरनेट कंपन्या पुष्कळ ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात, त्यामुळे पोर्ट उघडले तरी ते बाहेरून सापडत नाही.

याऐवजी खासगी बोगदा, म्हणजे फक्त आपल्याच उपकरणांमधली सांकेतिक वाट, करावा. टेलस्केल ही सेवा वायरगार्ड या पद्धतीवर उभी आहे आणि घरगुती वापरासाठी मोफत मिळते. टीव्हीचा संगणक, लॅपटॉप आणि फोन या तिन्हींवर ती बसवून एकाच खात्याने लॉगिन केले, की प्रत्येक उपकरणाला १०० पासून सुरू होणारा एक पत्ता मिळतो. अ‍ॅक्सेस कंट्रोलमधला दुसरा नियम याच पत्त्यांसाठी होता. बाहेर असताना व्ह्यूअरमध्ये १९२ चा पत्ता न देता हा १०० चा पत्ता द्यायचा, एवढाच फरक. दोन उपकरणांमधली सगळी वाहतूक सांकेतिक होते, म्हणून व्हीएनसीची उणीव इथे भरून निघते आणि राउटरला हातही लावावा लागत नाही.

टीव्हीच्या संगणकावर टेलस्केलच्या मेनूतला ‘रन अनअटेंडेड’ हा पर्याय सुरू करावा, म्हणजे कोणी लॉगिन केलेले नसतानाही बोगदा चालू राहील. प्रत्येक उपकरणाची किल्ली मुळात १८० दिवसांनी संपते. टीव्हीच्या संगणकासाठी ही मुदत टेलस्केलच्या प्रशासन पानावरून बंद करावी. हे राहून गेले तर सहा महिन्यांनी, बहुधा आपण परदेशात किंवा दुसऱ्या शहरात असताना, जोडणी निमूटपणे बंद पडते आणि आईवडिलांना फोनवरून लॉगिन समजावून सांगावे लागते. ज्या खात्याने लॉगिन केले त्याला दुहेरी पडताळणी लावणे मात्र टाळू नये, कारण आता तेच बाहेरच्या दाराचे कुलूप आहे.

झोपलेला संगणक बोगद्यातून जागा होत नाही, कारण मॅजिक पॅकेट घरातल्या नेटवर्कपुरतेच फिरते आणि झोपलेल्या संगणकावर टेलस्केलही झोपलेले असते. घरात रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकासारखे एखादे सतत जागे उपकरण असेल तर आधी त्याच्यापर्यंत पोचून तिथून पॅकेट पाठवता येते. नसेल तर परगावी जाताना संगणक चालू ठेवूनच निघावे. मोबाइल डेटावर चित्र अडखळत असेल, तर व्ह्यूअरमध्ये रंग कमी करावेत आणि जेपीईजीचा दर्जा खाली आणावा. दुरून चित्रपट पाहण्यासाठी ही मांडणी नाही, त्यामुळे रंग फिके पडल्याने काही बिघडत नाही.

देवनागरीत फाइलींची नावे ठेवणाऱ्यांना आणखी एक अडचण भेटेल. व्हीएनसीच्या मूळ नियमांत क्लिपबोर्डवरचा मजकूर लॅटिन लिपीपुरताच धरला आहे, त्यामुळे लॅपटॉपवर कॉपी केलेले मराठी नाव टीव्हीच्या संगणकावर चिकटवताना प्रश्नचिन्हांची रांग उमटू शकते. टीव्हीच्या संगणकावरच मराठी कीबोर्ड जोडून तिथे टंकावे, किंवा नावे आधीच लॅपटॉपवर बदलून मग सामायिक फोल्डरमधून फाइली पाठवाव्यात.

घरातल्या वडीलधाऱ्यांना ही व्यवस्था समजावून सांगावी आणि जोडणी करण्यापूर्वी त्यांना एक फोन करावा. टीव्हीवर बाण आपोआप फिरताना पाहून कोणीही दचकेल. दुरून ताबा देणारी अ‍ॅप बसवायला लावून खाती रिकामी करणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. म्हणून घरच्या संगणकात किंवा फोनमध्ये असे काही बसवायचे असेल तर ते घरचा माणूसच बसवील, फोनवरच्या अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून काहीही उतरवायचे नाही, हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावे. आणि व्ह्यूअर असलेला फोन हरवला, तर टेलस्केलच्या प्रशासन पानावरून ते उपकरण लगेच काढून टाकावे आणि घरी पोचल्यावर व्हीएनसीचा पासवर्ड बदलावा.